बोटांची वहिवाट

भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतील जुन्या देशमुख-कुलकर्ण्यांच्या वाड्यांतून जी दप्तरे अजूनही अधूनमधून बाहेर निघतात, त्यांतील मराठी कागद बहुतांशी मोडीत लिहिलेले असतात. आणि ज्याने त्या कागदांवरून एकदा लक्षपूर्वक नजर फिरवली असेल, त्याला हे जाणवल्यावाचून राहत नाही की ही लिपी घडली ती दिवसभर बैठकीवर बसून ताकीदपत्रे, कौलनामे आणि कबाले लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनगटासाठी. शिरोरेघ आधीच पानभर ओढून ठेवायची, मग लेखणी शक्य तितकी न उचलता अक्षराला अक्षर जोडीत जायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार करीत थांबायचे नाही, अशी तिची सारी तजवीज वेगाकडे होती. बाळबोधीचा, म्हणजे देवनागरीचा, कल वाचणाऱ्याकडे: प्रत्येक अक्षर सुटे, स्पष्ट, मुलालाही ओळखता येईल असे, आणि त्यासाठी लिहिणाऱ्याने थोडा अधिक वेळ खर्च करावा अशी तिची अपेक्षा. छापखाने आले, लिहिणारा एक आणि वाचणारे हजार असा हिशेब झाला, तेव्हा बाळबोधीची सरशी झाली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकवली जाणारी मोडी मागे पडली, आणि आज जमिनीच्या एखाद्या वादात पणजोबांचा कबाला वाचायचा झाला तर मोडी जाणणारा माणूस शोधीत हिंडावे लागते.

या दोन लिप्यांत श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न लिहिणारा कोण, तो दिवसाकाठी किती लिहितो आणि त्याच्यामागे तो कागद कोणाच्या हाती पडणार, हे ठरल्यावाचून सुटत नाही. संगणकावरील लिनक्सचा डेस्कटॉप आपल्या हाताला जुळवून घेण्याचा जो विषय या प्रकरणात मांडायचा आहे, त्याच्याही मुळाशी हेच तीन प्रश्न आहेत. कार्यक्षमता आणि सुलभता यांचा झगडा म्हणून ज्याचे वर्णन नेहमी केले जाते, तो माझ्या मते झगडा नसून श्रमाच्या वाटणीचा प्रश्न आहे: श्रम आज एकदाच करून टाकायचे की रोज थोडे थोडे करीत राहायचे, आणि ते आपण करायचे की आपल्या यंत्रासमोर उद्या येऊन बसणाऱ्या दुसऱ्या कोणी.

ही वाटणी आपली आपण ठरवण्याची मुभा लिनक्समध्ये एवढी मोठी का, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८४ साली रॉबर्ट शायफलर आणि जिम गेटिस यांनी पडद्यावर विंडो उमटवणारी जी 'एक्स' नावाची व्यवस्था उभी करण्यास आरंभ केला, तिचा शिरस्ताच असा होता की यंत्रणा आपण पुरवावी, धोरण मात्र वापरणाऱ्यावर सोडावे. विंडोला चौकट असावी की नसावी, ती कोणत्या कळीने बंद व्हावी, पडद्याच्या तळाशी पट्टी असावी की नसावी, यांविषयी एक्सने कोणताही हुकूम काढला नाही. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जाहीर केला आणि त्यावर हीच एक्स व्यवस्था येऊन बसली, तेव्हा त्या मोकळ्या जागेत निरनिराळ्या लोकांनी आपापली घरे बांधली. फ्रान्सच्या ओलिव्हिए फुर्दां याने १९९६ मध्ये एक्सएफसीई सुरू केला. त्याच वर्षी जर्मनीत माथियास एट्रिख याने केडीईची घोषणा केली. पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम उभारला. हे सारे डेस्कटॉप आजही नांदत आहेत, एकाच यंत्रावर एकत्र बसवता येतात, आणि संगणक सुरू होताना पासवर्ड देण्याच्या पडद्यावर त्यांतील कोणताही निवडता येतो.

मोकळीक अमर्याद मिळाली की तिचेही ओझे होते, हे ग्नोमच्या मंडळींनी स्पष्टपणे मांडले. हॅवॉक पेनिंग्टन याने २००२ च्या सुमारास असे प्रतिपादन केले की प्रत्येक नव्या पर्यायाची किंमत असते: तो तपासावा लागतो, सांभाळावा लागतो, आणि पर्यायांच्या गर्दीत नवशिक्याला हवा असलेला एक पर्याय हरवून जातो. त्या विचाराला अनुसरून ग्नोम सडपातळ होत गेला. २०११ च्या एप्रिलमध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा पडद्याच्या तळाची परिचित पट्टी आणि विंडो लहान करण्याचे बटण ही दोन्ही नाहीशी झाली, आणि ज्यांच्या बोटांना वर्षानुवर्षांची सवय जडली होती ते अक्षरशः परागंदा झाले. खुद्द टोरवाल्ड्सने त्या वर्षी एक्सएफसीईचा आश्रय घेतला, आणि जुनी मांडणी जतन करण्यासाठी माटे नावाचा वेगळा डेस्कटॉप जन्माला आला. या प्रकरणात ग्नोमची भूमिका चुकीची होती असे मला वाटत नाही. नव्या माणसासाठी तो डेस्कटॉप खरोखरच सोपा होता. पण जुन्या माणसाच्या बोटांत साठलेली कमाई ही जणू किंमतशून्य आहे असा व्यवहार झाला, आणि ते अन्यायाचे होते.

ही कमाई मोजण्याचे एक साधन मात्र त्यापूर्वीच सिद्ध होते. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल या तीन संशोधकांनी १९८० साली, संगणकावरील एखादे काम कसलेला माणूस किती वेळात करील याचा अंदाज बांधण्याची एक साधी पद्धत प्रसिद्ध केली. बऱ्यापैकी सराव असलेल्या टंकलेखकाला एक कळ दाबण्यास सरासरी ०.२ सेकंद लागतात. माउसने पडद्यावरील एखाद्या जागेवर नेम धरण्यास १.१ सेकंद, हात कळफलकावरून माउसवर किंवा उलट नेण्यास ०.४ सेकंद; आणि आता पुढे काय करायचे याची मनाशी जुळवाजुळव करण्यास १.३५ सेकंद. या चार आकड्यांच्या आधारे कोणाही सुजाण माणसाला आपल्या मेजावरचा हिशेब मांडता येतो.

एखादा कार्यक्रम मेन्यूतून उघडायचा आहे असे धरू. हात माउसवर नेला, मेन्यूवर नेम धरला, बटण दाबले, कार्यक्रमाच्या नावावर नेम धरला, पुन्हा बटण दाबले, हात परत आणला: बेरीज ३.४ सेकंद. तेच काम दोन कळींच्या जोडीवर नेमून दिले तर ०.४ सेकंद. जुळवाजुळवीचा वेळ दोन्हीकडे सारखाच धरला, तर प्रत्येक खेपेस तीन सेकंदांची बचत होते. दिवसातून दोनशे वेळा हे काम करणाऱ्याची रोज दहा मिनिटे वाचतात. अशा कळजोड्या नेमून त्या अंगवळणी पाडण्यात त्याचे पाच तास गेले तरी ते महिन्याभरात वसूल होतात. हेच काम दिवसातून दोनदा करणाऱ्याला मात्र तेच पाच तास भरून काढण्यास तीन हजार दिवस, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. त्याने त्या वाटेला न जावे हेच शहाणपणाचे. आणखी एक बारकावा असा की कळफलकाशी ज्याची ओळखच नाही अशा माणसाला त्या संशोधकांच्या कोष्टकात एका कळीसाठी १.२ सेकंद दिलेले आहेत. म्हणजे त्याच्या दोन कळींना २.४ सेकंद गेले, आणि 'ती जोडी कोणती बरे' हे आठवण्यात त्याहून अधिक. त्याच्यासाठी माउसच जलद आहे. तेव्हा एखादी मांडणी कार्यक्षम आहे असे म्हणताना कोणासाठी, हे सांगितले नाही तर ते विधान अपुरे राहते.

लिनक्सची आवड असणारे पुष्कळ जण वेळ दवडतात तो पडद्याचे रंग, चिन्हांचे आकार आणि विंडोंच्या कडा यांवर. त्याला माझी हरकत नाही. आपली बैठक नेटकी असावी ही इच्छा स्वाभाविक आहे. पण वरील हिशेबाच्या कसोटीला लावले तर ज्या क्रियेची पुनरावृत्ती दिवसात हजारो वेळा होते ती एकच, अक्षर उमटवण्याची. म्हणून आपल्या भागातील माणसाने डेस्कटॉप जुळवून घेण्यास आरंभ करावा तो कळफलकापासून.

'आपला भाग' या शब्दांत येथे बराच इतिहास सामावलेला आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे निजामाच्या अंमलाखाली होते आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्याकडे, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रकडे, बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे. गुलबर्ग्याचे अधिकृत नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले. परिणाम असा की औराद तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी उर्दू आणि बँकेच्या अर्जावर इंग्रजी अशी चार भाषांची वहिवाट एकाच दिवसात घडते, आणि त्याचे अर्ज, पत्रिका आणि पावत्या टंकून देणाऱ्या दुकानदाराच्या दहा बोटांवर हा सारा भार पडतो.

एक्सच्या कळफलक-व्यवस्थेत एका वेळी चारच मांडण्या जवळ बाळगता येतात, ही मर्यादा अन्यत्र कोणाला जाचक वाटेल. बीदरला ती बरोबर पुरते. पण चार मांडण्या एकाच कळीने पाळीपाळीने बदलत राहणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट पद्धत आहे. इंग्रजीतून उर्दूत जाण्यासाठी मधल्या दोन भाषा ओलांडाव्या लागतात, आणि आपण सध्या कोठे आहोत हे पाहण्यासाठी नजर दर खेपेस पडद्याच्या कोपऱ्याकडे वळते, ती १.३५ सेकंदांची जुळवाजुळव प्रत्येक बदलाला नव्याने मोजावी लागते. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपमध्ये प्रत्येक भाषेस स्वतंत्र कळजोडी नेमून देता येते. मराठीला एक, कन्नडला एक, अशी नेमणूक केली की कोपऱ्याकडे पाहण्याचे कारण उरत नाही, कारण कळ दाबण्यापूर्वी आपण कोणत्या भाषेत होतो याने काहीच फरक पडत नाही. शिवाय प्रत्येक विंडोची भाषा वेगळी लक्षात ठेवण्याची सोय तेथेही आहे आणि ग्नोममध्येही आहे: एका विंडोत मराठी लग्नपत्रिका, दुसरीत कन्नड अर्ज, आणि एकीतून दुसरीत गेले की कळफलक आपोआप बदललेला. यादीत इंग्रजी मांडणी मात्र पहिल्या क्रमांकावर ठेवावी. नाहीतर नक्कल करण्याच्या आणि चिकटवण्याच्या नेहमीच्या कळजोड्या काही कार्यक्रमांत ऐकेनाशा होतात.

मांडणी कोणती निवडावी, हा यापुढचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न. रोमन अक्षरांत मराठी लिहिले की यंत्राने त्याचे देवनागरीत रूपांतर करावे, ही पद्धत पहिल्या दिवशी सर्वांत सोपी. ज्याला इंग्रजी कळफलक येतो त्याला काहीच शिकावे लागत नाही. याच्या समोर इन्स्क्रिप्ट आहे. कानपूरच्या आयआयटीत आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे यांच्या पुढाकाराने भारतीय लिप्यांसाठी जे जिस्ट तंत्र विकसित झाले त्याच प्रयत्नांतून ही मांडणी पुढे आली. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तिचे प्रमाणीकरण केले आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात समाविष्ट झाली. तीत स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे आहेत, आणि आपल्या भाषांत व्यंजनापाठोपाठ बहुधा स्वर येत असल्यामुळे दोन्ही हात आळीपाळीने काम करतात. 'शेतकरी' हा शब्द घ्या. इन्स्क्रिप्टमध्ये श साठी शिफ्टसह एम, मात्रेसाठी एस, त साठी एल, क साठी के, र साठी जे आणि दीर्घ वेलांटीसाठी आर: शिफ्ट धरून सात कळा. काटेकोर रोमन पद्धतीत याच शब्दाला शिफ्टसह दहा लागतात. कसलेल्या हातात हा फरक ०.६ सेकंदांचा, सगळेच शब्द असे नसतात, पण तीनशे शब्दांच्या पानाला असाच फरक पडत गेला तर पानामागे तीन मिनिटे वाचतात, आणि दिवसाला दहा पाने टंकणाऱ्याचा अर्धा तास. 'करणाऱ्या'सारख्या शब्दातील अर्धा ऱ, ज्याच्यासाठी रोमन पद्धतीत निरनिराळ्या क्लृप्त्या लढवाव्या लागतात, तो येथे शिफ्टसह जे आणि मग हलन्ताची डी कळ, एवढ्यात उमटतो.

या मांडणीचा खरा लाभ मात्र लातूरच्या माणसाला मिळत नाही, तो भालकीच्या माणसाला मिळतो. इन्स्क्रिप्ट सर्व भारतीय लिप्यांना एकाच नकाशावर बसवते. मराठीचा क ज्या कळीवर आहे त्याच कळीवर कन्नडचा क, मराठीचा ळ जेथे तेथेच कन्नडचा ळ. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकारचे. त्यांपैकी दीर्घ मात्रा मराठीच्याच कळींवर येतात आणि ऱ्हस्व मात्रांसाठी झेड आणि सर्वांत डावीकडची वरची कळ, एवढ्या दोनच नव्या जागा शिकाव्या लागतात. काही आठवड्यांचा जो कंटाळवाणा सराव मराठीसाठी केला, त्यातच कन्नडही जवळजवळ पदरात पडते. सुलभतेच्या नावाखाली हा सराव टाळणारा माणूस पुण्यात राहत असेल तर त्याचे फारसे बिघडत नाही. सीमेवर राहून तो टाळणे म्हणजे दोन भाषांची मिळकत एका भाषेच्या कंटाळ्यापायी सोडून देणे होय.

येथे एक दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कर्नाटकातील शाळांत आणि कचेऱ्यांत शिकलेल्या पुष्कळ तरुणांचे हात 'नुडी' या कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरवर बसलेले असतात, आणि नुडीत के. पी. राव यांनी आखलेली, कन्नड गणक परिषदेने (कगप) प्रसृत केलेली ध्वन्यनुसारी मांडणी असते: क के वर, ग जी वर, म एम वर. लिनक्सच्या कळफलक-संग्रहात या कगप मांडणीची कन्नड आवृत्ती तर आहेच, पण मराठीचीही आहे, ही गोष्ट आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. नुडीवर कन्नड टंकणाऱ्याने मराठीसाठी रोमन पद्धत किंवा इन्स्क्रिप्ट शिकण्याची गरज नाही. त्याने मराठीची कगप मांडणी निवडावी आणि त्याच बोटांनी लिहू लागावे. मुद्दा इन्स्क्रिप्ट की कगप हा नाही. मराठीला एक पद्धत आणि कन्नडला दुसरी, अशी दुहेरी वहिवाट बोटांना लावू नये, कारण मग प्रत्येक भाषाबदलाबरोबर हाताला जुने विसरून नवे आठवावे लागते, आणि अनुभवी माणूसही प्रत्येक ओळीत अडखळतो.

कार्यक्षमतेच्या ज्या साधनांची लिनक्सच्या जगात सर्वाधिक ख्याती आहे, ती मराठीच्या संदर्भात पारखून घ्यावी लागतात. बिल जॉय याने १९७६ साली लिहिलेला व्हीआय हा संपादक आणि त्याचा वंशज विम यांत हात कळफलकावरून न हलवता मजकुरात फिरता येते, कारण आज्ञेच्या अवस्थेत साधी अक्षरेच आज्ञा होतात: जे दाबले की खालची ओळ, के दाबले की वरची. पण कळफलक मराठीवर असताना जे दाबले की संपादकाला र मिळतो, आणि र ही आज्ञा त्याला समजत नाही. ज्याच्या लेखनात मराठी आणि आज्ञा सतत आलटून पालटून येतात, त्याचे सारे वेगवान कौशल्य येथे दर ओळीला ठेचाळते. उपाय असा की भाषाबदल बाहेरच्या डेस्कटॉपकडे न सोपवता संपादकाच्या आतच ठेवावा. विममध्ये आपला कळनकाशा केवळ मजकूर लिहिताना लागू करण्याची सोय आहे, आणि ईमॅक्स या दुसऱ्या संपादकात देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांसाठी इन्स्क्रिप्टची तयार पद्धत जोडलेली आहे. ज्याला एवढे करण्याची इच्छा नाही त्याने लिबरऑफिसमध्ये सुखाने लिहावे.

सुलभता हेच ध्येय ठेवून घडवलेल्या डेस्कटॉपचे एक मराठी उदाहरण आहे. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या निकोलस निग्रोपाँटे यांच्या योजनेचा भारतातील एक आरंभीचा प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या मराठी प्राथमिक शाळेत झाला. त्या लहानशा हिरव्या-पांढऱ्या यंत्रांत लिनक्स होते, त्यावर शुगर नावाचा डेस्कटॉप होता, आणि स्मरणशक्ती अवघी २५६ एमबी. शुगरमध्ये फाइल आणि फोल्डर यांची कल्पनाच मुलापुढे ठेवलेली नव्हती. जे केले ते आपोआप एका रोजनिशीत साठत जाई, आणि एका वेळी एकच काम सारा पडदा व्यापून बसे, जेणेकरून विंडोवर विंडो चढून मूल गोंधळू नये. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला मायकेल श्टापेलबर्ग याने २००९ मध्ये काढलेला आय-थ्री आहे, जो प्रामुख्याने कळफलकावर चालतो, ज्याची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलीत हाताने लिहावी लागते, आणि जो मुख्यतः कार्यक्रम लिहिणाऱ्यांचा लाडका आहे. आणि तरी या दोहोंत एक विलक्षण साम्य आहे: आय-थ्रीसुद्धा सहसा विंडोवर विंडो चढू देत नाही, पडद्याचे चोख वाटे पाडून प्रत्येकीला तिची जागा देतो. पहिलीतल्या मुलाला जो गोंधळ नको तोच निष्णात माणसालाही नको. सोपे आणि वेगवान ही दोन टोके मानून त्यांच्या मधोमध कोठेतरी उभे राहण्याची जी सवय आपल्याला लागलेली आहे, ती मला म्हणूनच पटत नाही. काही तजविजी दोघांच्याही हिताच्या असतात आणि त्या आधी कराव्यात. वाद उरतो तो बाकीच्यांपुरता.

आता भालकीच्या बसस्थानकालगतच्या एखाद्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानाची कल्पना करावी. कर्नाटकाच्या 'भूमी' योजनेने या शतकाच्या आरंभी सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आणल्या, तेव्हापासून पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये छापील मिळते, आणि 'दादा, एवढी पहाणी काढून द्या, आणि हिच्यात काय लिवलंय ते बी सांगा' असे म्हणत येणारा मराठी शेतकरी हे अशा दुकानाचे नित्याचे गिऱ्हाईक. मालक सकाळपासून रात्रीपर्यंत टंकतो. दुपारी जेवणाच्या वेळी मेहुणा किंवा पुतण्या गल्ल्यावर बसतो. संध्याकाळी कॉलेजची मुले निकाल पाहण्यासाठी येतात. मालकाने आपल्या वेगासाठी डेस्कटॉप पुरता आपल्या बोटांचा करून टाकला, पट्टी काढली, मेन्यू काढला, सारे कळींवर नेले, तर दुपारच्या तासाभरात दुकान बंद ठेवल्यासारखेच होते. त्याची मांडणी त्याची मोडी होऊन बसते. आणि सर्वांसाठी सोपी अशीच मांडणी ठेवली तर दिवसाचे बारा तास तो दुसऱ्यांच्या सोयीची किंमत स्वतःच्या मनगटाने भरीत राहतो.

लिनक्सने या पेचाचे उत्तर आपल्या मूळ रचनेतच ठेवलेले आहे, कारण युनिक्सच्या घराण्यातील असल्यामुळे एका यंत्रावर अनेक माणसे नांदणार हे त्यात प्रथमपासून गृहीत आहे. प्रत्येकाचे खाते वेगळे, आणि प्रत्येकाची सारी मांडणी त्याच्या घर-फोल्डरातील, नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे सहसा न दिसणाऱ्या फाइलींत. मालकाच्या खात्यात प्लाझ्मा किंवा आय-थ्री, चार भाषांच्या चार कळजोड्या, नेहमीचे अर्ज एका कळीवर; 'दुकान' नावाच्या दुसऱ्या खात्यात एक्सएफसीई, तळाशी पट्टी, पडद्यावर मोठी पाच-सहा चिन्हे, आणि मराठीसाठी तीच रोमन पद्धत जी पुतण्याला मोबाइलवरून आधीच अवगत आहे. एका खात्यातून दुसऱ्यात जाण्यास काही सेकंद पुरतात. कार्यक्षमता की सुलभता, असा निवाडा साऱ्या यंत्रासाठी एकदाच करण्याची गरज येथे राहतच नाही.

दुकानदाराची फसवणूक होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की बोटांचे ठसे घेणाऱ्या आधार-यंत्रांचे सॉफ्टवेअर सर्वसाधारणपणे विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते, आणि श्री-लिपी किंवा नुडीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत बांधलेल्या पत्रिकांच्या फाइली लिनक्सवर उघडल्या तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. ते काम चालू राहील तोवर एक विंडोज यंत्र ठेवावेच लागेल. परंतु १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपल्यावर जी जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, ती मोडीत काढण्यापूर्वी त्यांवर एक्सएफसीई बसवून पाहावे. दोन-चार जीबी स्मरणशक्तीच्या यंत्रावर तो समाधानकारक चालतो. मराठीसाठी फॉन्ट बसवताना ल आणि श यांची मराठी वळणे मिळतील असाच घ्यावा. लोहित मराठी हा मुक्त परवान्याचा फॉन्ट त्यासाठी उपलब्ध आहे, आणि वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती पडणाऱ्या पत्रिकेत हिंदी वळणाचा ल खटकतो हे आपल्याकडील कोणताही दुकानदार जाणतो.

मांडणी बसवून झाली की एक काम बहुतेक जण टाळतात, आणि पुढे डिस्क बिघडली किंवा आवृत्ती बदलली की पहिल्या दिवसापासून सारे पुन्हा करीत बसतात. आय-थ्रीसारख्या डेस्कटॉपच्या मांडणीची फाइल साध्या मजकुराची असते आणि तीत शेऱ्याचे चिन्ह घालून आपल्या भाषेत टिपा लिहिता येतात. यंत्र त्या वाचीत नाही. कोणती कळ कशासाठी नेमली आणि का नेमली, हे प्रत्येक ओळीच्या वर मराठीत लिहून ठेवावे, ज्या मांडण्या पडद्यावरील सेटिंगमधून केल्या असतील त्यांची एक वेगळी टिपण-फाइल करावी, आणि त्या टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरांची नक्कल महिन्याकाठी एकदा पेनड्राइव्हवर काढावी. नव्या यंत्रावर त्याच आवृत्तीचा डेस्कटॉप बसवून ती नक्कल घर-फोल्डरात ठेवली की मराठी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी आपापल्या नेमलेल्या कळींवर परत येतात. आणि दुकान उद्या पुतण्याने चालवायला घेतले, तर मालकाची कळजोडी त्याला एकेक करून, टीप वाचीत, हवी तेवढीच उचलता येते.